मनोरा आहे, पण जिना बंद

परदेशी सहल करून आलेल्या मराठी कुटुंबाचा छायाचित्रसंग्रह उघडला, तर त्यात एक छायाचित्र हमखास सापडते. कधी पॅरिसच्या आयफेल टॉवरचा कठडा, कधी दुबईच्या बुर्ज खलिफाची काच. मागे क्षितिजापर्यंत पसरलेले परके शहर आणि पुढे वाऱ्याने केस विस्कटलेली, हसरी आपली माणसे. त्या सज्जापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी रांग लावलेली असते, दामही मोजलेले असतात. त्यात वावगे काहीच नाही. प्रश्न निराळाच आहे. या कुटुंबातील किती जणांनी आपले स्वतःचे शहर असे उंचावरून, एका नजरेच्या टप्प्यात, कधी पाहिले आहे? डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पस्तीस-चाळीस वर्षे लोकलने ये-जा करून निवृत्त झालेल्या गृहस्थांना प्रत्येक स्थानकाचा फलाट कोणत्या बाजूला येतो हे झोपेतही सांगता येईल. पण खाडी कुठून आत शिरते, डोंगर कुठे संपतो आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपण कसे वसलो आहोत, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नाही.

शहर उंचावरून पाहणे म्हणजे सुटीच्या दिवसाची करमणूक, असे आपण गृहीत धरून चालतो. एका स्कॉटिश प्राध्यापकाला मात्र ती नागरिकशास्त्राची पहिली इयत्ता वाटत होती. त्यासाठी त्याने एक मनोराच ताब्यात घेतला. पुढे तोच प्राध्यापक मुंबईत येऊन शिकवून गेला. त्याचे नाव पॅट्रिक गेडीस.

एडिंबरो शहराचा जुना भाग एका लांबट कण्यासारख्या उंचवट्यावर वसलेला आहे. वरच्या टोकाला किल्ला, आणि किल्ल्याच्या दरवाजाकडे जाणाऱ्या चढावर, कासलहिल येथे, ही उंच इमारत उभी आहे. मूळ बांधकाम सतराव्या शतकातील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मारिया शॉर्ट नावाच्या बाईंनी तिच्या माथ्यावर 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' बसवून घेतला. ही युक्ती मोठी गमतीची आहे. छपरावरच्या छोट्या घुमटीत आरसा आणि भिंग असते, खाली अंधारी खोली असते आणि खोलीच्या मध्यभागी पांढरे, किंचित खोलगट मेज असते. भिंगातून उतरणारा प्रकाश त्या मेजावर पडतो आणि बाहेरचे अवघे शहर तिथे रंगांसह जिवंत होते. धुराडी धूर सोडत असतात, गाड्या धावत असतात, माणसे रस्ता ओलांडत असतात. हे छायाचित्र नव्हे. त्या क्षणी बाहेर जे घडते आहे तेच मेजावर दिसते.

१८९२ साली गेडीस यांनी ही इमारत घेतली आणि तिला 'आऊटलुक टॉवर' असे नाव दिले. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ, डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्याआधीच त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ॲना यांनी एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत स्वतः राहायला जाऊन पडक्या घरांची डागडुजी आरंभली होती. मोकळ्या सापडलेल्या तुकड्यांत बागा लावण्याचा उद्योगही चालू होता. गरिबांच्या वस्तीविषयी लिहिणारे पुष्कळ असतात. तिथे बिऱ्हाड थाटणारे मोजके. आपल्या वाचकांना हा फरक निराळा समजावून सांगायला नको.

मनोरा पाहायला येणाऱ्याला गेडीस थेट माथ्यावर नेत, आणि तेही झपाझप. आधी अंधाऱ्या खोलीत मेजावरचे शहर दाखवीत. मग बाहेर गच्चीवर. उत्तरेला फोर्थची खाडी आणि लीथ बंदर, दक्षिणेला पेंटलंडच्या टेकड्या, पश्चिमेला अगदी हाताशी किल्ला, पूर्वेकडे आर्थर्स सीटचा डोंगर. गच्चीवरून आत आले की एक लहानशी रिकामी खोली असे आणि तिच्यात फक्त एक खुर्ची. बाहेर जे पाहिले त्याचे आता चिंतन करा, यासाठी ती जागा! पाहणे आणि मनन करणे यांची अशी सांगड घालणाऱ्या माणसाचे पुढे भारताशी सूर जुळले, याचे नवल वाटायला नको. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी भगिनी निवेदिता यांनी काही काळ गेडीस यांच्या कामात साहाय्य केले होते. 'द वेब ऑफ इंडियन लाइफ' या आपल्या ग्रंथात त्यांनी गेडीस यांचे ऋणही नमूद केले आहे.

चिंतनाच्या खोलीनंतर उतरण सुरू होई. माथ्याखालच्या मजल्यावर एडिंबरो शहर: त्याचे नकाशे, इतिहास, वस्त्यांची पाहणी. त्याखाली स्कॉटलंड. त्याखाली इंग्रजी भाषा बोलणारे देश (साम्राज्याची छाप तिथेही होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही), मग युरोप, आणि तळमजल्यावर जग. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्या शाळांतील मुलांना आधी खंडांची नावे पाठ करावी लागतात आणि गावची नदी ओळखण्याची वेळ बहुधा येतच नाही. गेडीस यांनी हा क्रम उलटा केला. ज्याला आपले शहर डोळ्यांनी दिसले आहे त्याने खाली उतरत उतरत जग समजून घ्यावे. त्या गच्चीवरून एका दृष्टिक्षेपात डोंगरापासून समुद्रापर्यंतचा उतार दिसे, आणि त्या उताराच्या प्रत्येक टप्प्यावर कोणता व्यवसाय, कोणती वस्ती का रुजली, याचा उलगडा होई. कोकणी माणसाला घाटमाथा, वलाटी, खलाटी आणि बंदरपट्टी हा भेद जन्मतःच ठाऊक असतो. गेडीस यांनी त्याच दृष्टीचे शास्त्र केले.

१९१४ मध्ये ते भारताकडे निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जर्मनांच्या त्या प्रसिद्ध 'एम्डेन'ने बुडवले. गेडीस यांनी नवी सामग्री गोळा केली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवलेच. पुढल्या काही वर्षांत त्यांनी देशातील अनेक नगरांचे अहवाल लिहिले. आपले ठाणे आणि वांद्रे त्यांत आहेत, लाहोर आणि लखनौ आहेत, इंदूरही आहे. गोऱ्या अभियंत्याचा त्या काळचा खाक्या असा, की नकाशावर पट्टी ठेवायची, सरळ रेघ ओढायची आणि रेघेखाली येणारी घरे पाडायची. गेडीस यांनी याला कडाडून विरोध केला. आधी पाहणी, मग आराखडा. आणि पाडापाडी अगदी लागेल तेवढीच, कुशल शल्यवैद्याच्या हाताने. गल्लीतले जुने झाड, विहीर, देऊळ, पार वाचवून रस्ता कसा मोकळा करता येतो, हे ते जागेवर फिरून दाखवीत. दक्षिणेतील मंदिरनगरांचे रथमार्ग त्यांना नगररचनेचा उत्तम नमुना वाटत.

इंदूरची हकीकत तर प्रत्येक नगरसेवकाला ऐकवावी अशी आहे. होळकरांच्या त्या राजधानीत १९१७ च्या सुमारास प्लेगची भीती होती. गेडीस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचीच योजना आखली. मिरवणूक परंपरागत मार्गाने न जाता ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ व नीटनेटकी असतील तिथून जाईल, असे जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, रंगवली, कचऱ्याचे ढीग उपसले. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, भलाथोरला उंदीर होता, आणि त्यांच्यासोबत शुभ्र वस्त्रे ल्यालेले, हार घातलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शेवटी राक्षसाचे दहन झाले. समरसतेवर आपण परिसंवाद पुष्कळ घेतो; शहराच्या मुख्य रस्त्याने सफाई कामगाराची मिरवणूक काढावी, हे एका परक्या प्राध्यापकाला सुचले होते.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढला आणि गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ पर्यंत ते इथे होते. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच हेरले आणि उच्च शिक्षणासाठी विलायतेला जाण्याची वाट मोकळी झाली. घुर्ये पुढे त्याच विभागाचे प्रमुख होऊन भारतीय समाजशास्त्राचे एक आधारस्तंभ ठरले. म्हणजे ज्याने आयुष्यभर सांगितले की शहर समजायचे तर आधी मनोऱ्यावर चढा, त्याला ज्या विद्यापीठाने पहिला मान दिला त्या विद्यापीठाचा स्वतःचा मनोरा ओव्हल मैदानासमोर उभा आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावे दिलेल्या देणगीतून १८७८ साली पूर्ण झालेला हा ८५ मीटर उंचीचा राजाबाई मनोरा एके काळी मुंबईतील सर्वांत उंच वास्तू होता. आज तो जागतिक वारसा क्षेत्रात आहे, त्याचा जीर्णोद्धारही झाला आहे. परंतु वरून उड्या मारून जीव देण्याच्या घटनांमुळे त्याचा गोल जिना सर्वसामान्यांसाठी कधीचा बंद झाला, तो झालाच.

यावर कोणी म्हणेल, आता मुंबईत उंचीची काय वाण आहे? गिरण्यांची धुराडी गेली आणि त्यांच्या जागी साठ-सत्तर मजल्यांचे इमले आले. खरे आहे. पण त्या इमल्यांत मजला वाढला की दर वाढतो, आणि समुद्र दिसत असेल तर आणखी वाढतो. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, दृश्य मात्र चौरस फुटांनी विकले जाते. ज्या गिरणगावाने हे शहर उभे केले, तिथल्या माणसाने त्या इमारतीच्या फाटकापाशी जाऊन "मला वरून माझे शहर पाहू द्या" म्हटले, तर पहारेकरी काय उत्तर देईल, ते सांगायला नको. टोकियोने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथल्या महानगर शासनाचे केन्झो तांगे यांनी रचलेले मुख्यालय १९९१ साली सुरू झाले. इमारतीच्या खर्चावरून तिची भरपूर टिंगल झाली. पण ४५ व्या मजल्यावरचे, २०२ मीटर उंचीवरचे दोन्ही निरीक्षणकक्ष नागरिकांना विनामूल्य खुले ठेवले गेले. खाली पिशवी तपासतात, उद्वाहनाने वर सोडतात. हिवाळ्यातील निरभ्र दिवशी तिथून फुजी पर्वत दिसतो. सुरक्षेचे कारण पुढे करून सगळे बंद ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

न पाहिल्याची किंमत काय असते, हे मुंबईने एकदा मोजलेले आहे. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. आपल्या शहरात मिठी नावाची नदी आहे, हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी कळले. तोवर तो नाला होता. विहार-पवईच्या तलावांचे वाहून येणारे पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते, वाटेत तिला विमानतळाच्या धावपट्टीखालून जावे लागते, तिच्या मुखाशी खारफुटी बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. हे सारे टप्प्याटप्प्याने, आपल्या डोळ्यांदेखत घडले. डोळ्यांदेखत असे म्हणायचे, पण ते कोणाच्या डोळ्यांना दिसले? रस्त्यावरून फक्त पूल दिसतो आणि पुलावरून फक्त गाळ. नदीची सबंध वाट उंचावरून पाहिलेल्या नागरिकांनी त्या भरावाला अडवलेच असते असे मी म्हणत नाही. निदान प्रश्न विचारणारे चार जण अधिक मिळाले असते.

मुंबईला निसर्गाने दिलेला एक मनोरा आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट टेकडी नावाचा काळ्या बेसाल्टचा सुळका सरळ उभा आहे. उंची सुमारे ६१ मीटर, वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात. उभ्या खांबांसारखी रचना असलेला असा खडक जगात मोजक्याच ठिकाणी आढळतो. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे आणि खडकात कोरलेल्या पायऱ्या तिथवर नेतात. तिकीट नाही, पहारेकरी नाही. देवीच्या दर्शनाला जो येईल त्याला शहराचे दर्शन आपोआप होते. खाणकामाने या खडकाचा बराच भाग पूर्वीच कापून नेला आणि उरलेल्याच्या पायाशी घरे, इमारती दाटल्या आहेत. दरवर्षी नव्या इमारतीमागे क्षितिजाचा एकेक तुकडा झाकला जातो. एडिंबरोची नगरपरिषद कोणत्या ठिकाणांहून किल्ला, टेकड्या आणि खाडी दिसत राहिल्या पाहिजेत याची नोंद ठेवते आणि बांधकामाची परवानगी देताना ती विचारात घेते. आपल्या विकास आराखड्यात चटईक्षेत्राचा हिशेब दशांशापर्यंत असतो. गावदेवीच्या ओट्यावरून काय दिसावे, हा विषय मात्र त्यात शोधूनही सापडत नाही.

लोकांना हे हवे आहे, याविषयी शंका नको. २०२५ मध्ये मलबार हिलवर महापालिकेने झाडांमधून जाणारा उन्नत मार्ग खुला केला, तेव्हा तो पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे लोटली. तेव्हा मागणी फार मोठी नाही. पालिकेने गिल्बर्ट टेकडीच्या माथ्यावर चार दिशांचे चार फलक लावावेत, मिठी कुठे, खाडी कुठे, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर कुठे हे दाखवणारे, आणि आता तरी तिच्याभोवतीची उंची आवरावी. विद्यापीठाने राजाबाई मनोऱ्याच्या सज्जाला भक्कम जाळी बसवावी आणि आठवड्यातून एक दिवस, वीस-वीस जणांच्या तुकडीने, जाणत्या मार्गदर्शकासोबत तो जिना उघडावा. पहिल्या तुकड्या महापालिका शाळांतील मुलांच्या असाव्यात. एडिंबरोच्या मनोऱ्यात आज आरशांचे चक्रव्यूह आणि दृष्टिभ्रमाचे खेळ आहेत, जिज्ञासू प्रवाशांची तिथे झुंबड असते. माथ्यावरचा कॅमेरा मात्र अजून चालतो. गेडीस यांनी इथे पाच वर्षे शिकवलेले आहे, विभाग आहे, मनोरा आहे. किल्ली विद्यापीठाच्याच कार्यालयात आहे.