तारलीच्या मासेमारीचे नियोजन किनाऱ्यावरील मच्छीमारांना सोबत घेऊन करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
(मार्फत : मा. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, सिंधुदुर्ग, मालवण)

विषय : सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील तारलीच्या साठ्याचे रक्षण व त्यासाठी जिल्हास्तरीय समिती

महोदय,

आम्ही मालवण तालुक्यातील रापणकर, होडीवाले आणि मासळी विकणाऱ्या महिला हे निवेदन सादर करीत आहोत. रापण ओढायला दोन्ही दोरांवर माणसे लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. त्यामुळे तारलीचा थवा किनाऱ्याला लागला की अख्ख्या वाडीला पैसा दिसतो. तोच थवा बाहेर पर्ससीन जाळ्याने वेढला गेला की आमची रापण रिकामी येते, आणि त्या दिवशी बाजारात बसणाऱ्या बाईच्या टोपलीतही काही नसते.

तारली जेमतेम अडीच वर्षे जगते. साधारण 15 सेंटीमीटरची झाली की ती अंडी घालण्याजोगी होते आणि प्रामुख्याने पावसाळ्यात अंडी घालते. 1 जून ते 31 जुलैच्या बंदीचा आम्ही म्हणूनच आदर करतो. अडचण त्यानंतरची आहे. पावसाळा सरताना तारलीची पिल्ले किनाऱ्यालगत येतात, आणि शासनाच्या 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानुसार पर्ससीनचा हंगामही 1 सप्टेंबरलाच सुरू होतो. पिल्लांच्या थव्याला जाळे पडले तर पुढच्या वर्षी अंडी घालायला कोण उरणार?

केरळचे उदाहरण समोर आहे. तेथे 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन तारली मिळाली होती. 2021 मध्ये ती 3,297 टनांवर आली. दोष एकट्या जाळ्याचा आहे असे आम्ही म्हणत नाही. समुद्राचे तापमान, पाऊस, तारलीचे खाद्य असलेले प्लवंग, या सगळ्यांवर ही मासळी अवलंबून असते आणि ती मुळातच चढउताराची आहे. पण समुद्र आपल्या हाती नाही, जाळे आहे. वाईट वर्षात हात आखडता घेण्याची सोय नियमांत हवी, आणि वर्ष वाईट आहे हे सर्वांत आधी किनाऱ्यावरच्या माणसाला कळते.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, पारंपरिक मच्छीमार, पर्ससीनधारक, मासळी विक्रेत्या महिला, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि आपले अधिकारी यांची जिल्हास्तरीय समिती नेमावी व तिला खरे अधिकार द्यावेत. केरळने आपल्या कायद्यात गाव, जिल्हा आणि राज्य पातळीवर अशा परिषदांची तरतूद केली आहे. बंदरावर उतरणाऱ्या तारलीची लांबी दर आठवड्याला मोजावी. पिल्लांचे प्रमाण वाढले की ती सापडणारा समुद्राचा पट्टा काही दिवस सर्वांसाठी बंद ठेवण्याचा निर्णय या समितीने घ्यावा. आकडे बंदरावरच्या फलकावर मराठीत लावावेत. आजवर आमची मासळी मोजली गेली, पण मोजणीतून काय निघाले हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकारमान ठरवले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र केरळने तारलीसाठी ठेवलेली 10 सेंटीमीटरची मर्यादा पाळली तरी एकदाही अंडी न घातलेली मासळी पकडता येते. आपल्याकडे तारलीच्या मर्यादेचा विचार करताना हे ध्यानात घ्यावे. आकारमानाची तपासणी बंदराबरोबरच मत्स्यकुटी आणि मासळीच्या तेलाच्या कारखान्यांच्या दारातही व्हावी. एक किलो कुटीला चार-पाच किलो ताजी मासळी लागते. जी पिल्ले बाजारात कोणी घेत नाही, त्यांना तिथे गिऱ्हाईक मिळते.

किमान आकारमानाचा नियम आम्हालाही लागू करा. आमच्या बारीक आसाच्या जाळ्यांतही पिल्ले येतात, हे आम्ही मान्य करतो. आस वाढवायला आमची तयारी आहे. जुनी जाळी बदलण्यासाठी अनुदान मिळावे, एवढीच विनंती.

केंद्राने 2017 मध्ये बंदी घातलेली एलईडी मासेमारी आणि परराज्यांतील नौकांची घुसखोरी रोखण्यासाठी गस्ती नौका रात्रीही समुद्रात असावी. आम्ही दिलेल्या खबरेवर काय कारवाई झाली, हे आम्हाला लेखी कळवावे.

नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी, जुलै महिन्यात, मालवण येथे या विषयावर बैठक लावावी. रापणीच्या नोंदवह्या घेऊन आम्ही हजर राहू.

आपले विश्वासू,
मालवण तालुक्यातील समस्त रापणकर, पारंपरिक मच्छीमार व मासळी विक्रेत्या महिला