आईचे तास

मुलांनो, घरात आजी अंथरुणाला खिळली, तर तिचं सगळं कोण करतं? बहुतेक आईच, नाही का?

ब्रिटनमध्ये १९७६ साली एक भत्ता सुरू झाला. अपंग माणसाची सेवा करायला जो नोकरी सोडेल, त्याला सरकारने दर आठवड्याला पैसे द्यायचे. छानच! लग्न झालेल्या पुरुषालाही ते मिळत. लग्न झालेल्या बाईला मात्र नाही. का, तर ती एरवीही घरीच असणार! (आता बोला!)

जॅकलिन ड्रेक या बाईंनी १९८४ मध्ये अपंग आईसाठी नोकरी सोडली होती. त्यांनी अर्ज केला, तर नकार. प्रकरण पार युरोपीय न्यायालयात गेलं. २४ जून १९८६ ला निकाल लागायचा होता. सरकारची धाकधूक वाढली असावी, कारण आदल्याच दिवशी त्याने नियम बदलत असल्याचं जाहीर करून टाकलं! निकालही बाईंच्याच बाजूने लागला.

आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अशा काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे.

ब्रिटनच्या भत्त्यासाठी आठवड्याला निदान ३५ तास सेवा करावी लागते. तुमच्या घरी कुणी आजाऱ्याचं करत असेल, तर आठवडाभर तास मोजून वहीत लिहा. रात्री उठावं लागतं, तेही धरा हं!