बातमीदाराची लेखणी हलकी नव्हे

वृत्तपत्राला हात लावला की ललित लेखणी विटाळते, असा समज आमच्या साहित्यिक मंडळींत अजूनही रूढ आहे. बातमी सकाळी वाचावी व संध्याकाळी रद्दीत टाकावी. कादंबरी तेवढी प्रतिभेची! हे सोवळे आम्हांस मान्य नाही. प्रमाण म्हणून जेराल्डिन ब्रुक्स या अमेरिकन लेखिकेचे उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

१९५५ साली सिडनीस जन्मलेल्या ब्रुक्सबाईंनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या बातमीदार म्हणून मध्यपूर्व, आफ्रिका व बाल्कन येथील संघर्ष प्रत्यक्ष पाहिले. त्यांची पहिली कादंबरी आली ती २००१ साली. ‘मार्च’ या कादंबरीस २००६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्या लेखणीने बातम्या लिहिल्या, त्याच लेखणीचा हा गौरव होय.

पण आमचा भर आहे तो ‘पीपल ऑफ द बुक’ या २००८ सालच्या कादंबरीवर. तिचा विषय सारायेव्हो येथील एक सचित्र पोथी. चौदाव्या शतकात स्पेनमध्ये सिद्ध झालेली ही पोथी यहुद्यांच्या वल्हांडण सणाची. १९४२ साली नाझी सेनापती संग्रहालयात येऊन ठेपला, तेव्हा तेथील मुसलमान ग्रंथपाल दरवीश कोरकुत यांनी ती गुपचूप बाहेर काढून वाचविली. दुसऱ्याच्या धर्माची पोथी जिवापाड जपणारा हा पुरुष! कादंबरीत बाईंनी कल्पित पात्रे योजिली. परंतु कोरकुतांची खरी हकीकत २००७ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये त्यांच्या खऱ्या नावानिशी निराळी लिहिली. कल्पनेने इतिहास भ्रष्ट होतो म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते? सत्य व कल्पित यांची भांडी निरनिराळी ठेवली की दोन्ही शुद्ध राहतात.

पोथी वाचविणाऱ्याची ही कथा वाचताना गोमंतकातील कोणा भाविकास आपल्या देवांचे स्थलांतर आठवणार नाही? १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास आला, तेव्हा तो मुलूख पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. आमच्या बहुतेक देवस्थानांच्या पुस्तिकांत अशा प्रसंगाची बोळवण एका वाक्यात होते. होडी कोणी वल्हविली? पैलतीरी पहिला आसरा कोणी दिला? मागे राहिलेल्यांचे काय झाले? देवाचे नाव उरले. देव खांद्यावर वाहणाऱ्यांची नावे आम्ही पुसून टाकली. ही कृतघ्नता नव्हे काय?

म्हणून आमचे तरुण लेखकांस सांगणे आहे की, प्रतिभेची वाट पाहत बसू नका. वही घेऊन महाजनांकडे, पुजाऱ्यांकडे, सेवेकऱ्यांच्या वृद्ध बायकांकडे जा. देवस्थानांची जुनी दप्तरे वाळवीच्या आधी गाठा. जे कळेल ते जसेच्या तसे टिपा. कादंबरी त्यानंतर लिहा. आणि देवस्थानांच्या समित्यांनीही त्यांना दप्तराच्या खोलीची किल्ली द्यावी. नुसता प्रसाद देऊन परत पाठवू नये.