माराकानाचे खरे धनी

जगातील थोर फुटबॉल क्रीडांगणे आता केवळ सामन्याच्या दिवशी गजबजणारी स्थळे राहिलेली नाहीत. एरवीही तेथे तिकीट काढून माणसे येतात, खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली पाहतात, हिरवळीच्या कडेपर्यंत जातात आणि रिकाम्या आसनांसमोर उभे राहून छायाचित्र काढून घेतात. रिओ द जानेरोचे माराकाना हे या यात्रेकरूंचे एक प्रमुख क्षेत्र होय. नामवंत खेळाडूंच्या पायांचे ठसे तेथे जपलेले आहेत आणि ते पाहून दूरदेशीचा चाहता सद्गदित होतो. या भक्तिभावाला हसण्याचे कारण नाही. परंतु ज्या वास्तूचे दर्शन घेऊन तो परततो, ती इतिहासातील माराकाना कितपत आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हे क्रीडांगण लोकांसाठी उभे राहिले, ही त्याच्या जन्मकथेतील मुख्य गोष्ट आहे. ते शहरापासून दूर, जाकारेपाग्वा भागात बांधावे, असा आग्रह कार्लोस लासेर्दा यांनी धरला होता. पत्रकार मारियो फिल्यो यांनी त्याला कसून विरोध केला आणि जुन्या घोडदौडीच्या मैदानाची, शहरवासीयांना सहज पोहोचता येईल अशी जागा उचलून धरली. अखेर तीच जागा ठरली, आणि पुढे क्रीडांगणाला त्यांचेच नाव मिळाले. २०२१ साली ते बदलून पेले यांचे नाव देण्याचा ठराव प्रांतिक विधानसभेने केला, तेव्हा लोकांनी नापसंती दर्शविली आणि राज्यपालांना तो नाकारावा लागला. पेलेंविषयी कोणाच्या मनात अनादर होता असे नव्हे. आपल्या आठवणींवर वरून शिक्का मारला जाऊ नये, एवढेच लोकांना म्हणायचे होते.

त्या आठवणींपैकी सर्वांत खोल आठवण पराभवाची आहे. १६ जुलै १९५० रोजी विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. अधिकृत नोंदीप्रमाणे १ लाख ७३ हजार ८५० प्रेक्षकांनी तिकिटे काढली होती. प्रत्यक्ष जमाव दोन लाखांच्या घरात असल्याचे मानले जाते. सामना संपण्यास अकरा मिनिटे उरली असता उरुग्वेच्या घिजियाने गोल केला आणि ब्राझील १-२ असा हरला. पराभवाचे खापर गोलरक्षक बार्बोझा आणि बचावफळीतील बिगोदे व जुवेनाल या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या माथी फुटले. ब्राझीलमध्ये कोणत्याही गुन्ह्याला तीस वर्षांहून अधिक शिक्षा नाही, आपण मात्र पन्नास वर्षे भोगत आहोत, अशा आशयाचे बार्बोझाचे उद्गार प्रसिद्ध आहेत. २००० साली तो निवर्तला. ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांच्या वाटचालीवर १९४७ सालीच ग्रंथ लिहिणाऱ्या मारियो फिल्यो यांच्या नावाच्या वास्तूत हे घडावे, यातील विपर्यास कोणाच्याही ध्यानी येईल.

जुन्या माराकानाचे हृदय होते ते 'जेराल' या भागात. मैदानाभोवती, जमिनीलगत, उघड्यावर उभे राहून सामना पाहण्याची ही सर्वांत स्वस्त जागा. तेथून खेळ धड दिसत नसे. पाऊस आला की भिजावे लागे. तरीही मजूर, फेरीवाले, बेकार तरुण तेथे हक्काने येत. डिसेंबर १९६३ मध्ये फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से या क्लबांच्या सामन्याला पावणेदोन लाखांवर तिकिटे खपली, ती अशाच प्रेक्षकांच्या बळावर.

हा जेराल २००५ मध्ये बंद झाला. त्यामागे सुरक्षिततेचे कारण होते, आणि ते खोटे नव्हते. १९९२ साली वरच्या सज्जाचा कठडा कोसळून तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. गरिबाला स्वस्तात सामना पाहता यावा म्हणून त्याने जीव धोक्यात घालावा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु सुरक्षित आसन महागच असले पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही. २०१४ च्या विश्वचषकासाठी शेकडो कोटी खर्चून क्रीडांगण आतून जवळजवळ नव्याने बांधण्यात आले. २००० साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झालेली असतानाही त्याचे मूळ काँक्रीटचे छप्पर पाडले गेले. आता तेथे सुमारे ७८ हजार आसने आहेत. गर्दी सुरक्षित झाली, हे खरेच. पण त्या गर्दीतून नेमके कोण गळाले, याचा हिशेब मांडण्याची निकड कोणाला भासली नाही.

म्हणूनच पाहुण्या चाहत्याला जे दाखविले जाते त्याचे महत्त्व आहे. जेथे जेराल होता तेथे आज उभे राहता येत नाही, कारण ती जागाच शिल्लक नाही. अशा स्थितीत त्या फेरीत जेरालच्या प्रेक्षकांना पायांच्या ठशांइतकेच मानाचे स्थान मिळाले पाहिजे. तेथे उभे राहिलेली माणसे आज वृद्ध होत आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नोंदविल्या पाहिजेत. बार्बोझाची कथा सांगताना त्याच्यावर झालेला अन्यायही सांगितला पाहिजे. २०२४ मध्ये क्रीडांगणाचा कारभार वीस वर्षांसाठी फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से यांच्याकडे आला आहे. ज्या क्लबांना या प्रेक्षकांनी मोठे केले, त्यांनी प्रत्येक सामन्याला काही जागा खरोखर स्वस्त ठेवणे, हे स्मारकाचे सर्वांत खरे जतन ठरेल.

रिकामे क्रीडांगण दाखविणे सोपे असते, कारण रिकाम्या जागा तक्रार करीत नाहीत. परंतु माराकाना मोठे झाले ते काँक्रीटमुळे नव्हे, माणसांमुळे. त्या माणसांना दाराबाहेर ठेवून केलेली वारशाची जपणूक ही देव हलवून देऊळ राखण्यासारखी आहे.