मोटार खरोखर चालू झाली का?



ज्या शिवारात दिवसाची वीज अजून पोचलेली नाही, तिथे रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन विहीर गाठणे कुणाला चुकलेले नाही. सरीत पाणी, पाण्यात साप; आणि जुन्नर-आंबेगावकडे तर उसाच्या फडातच बिबट्याची पिल्ले सापडतात.

यावर आपण काढलेला तोडगा म्हणजे ऑटोस्विच. वीज आली की मोटार आपोआप सुरू. झोप मोडत नाही, पण डीपी जळते. हिशेब करून पाहा. ५ अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण ७-८ अँपिअर घेते, मात्र सुरू होताना काही क्षण त्याच्या सहा-सात पट. १०० केव्हीएची डीपी सुमारे १३५ अँपिअरची. पंधरा मोटारी मागेपुढे लावल्या तर ती निभावून नेते. पंधराही एकाच ठोक्याला उठल्या तर मागणी साडेसहाशेच्या पुढे जाते. मग फ्यूज उडतो, तिथे जाड तार बांधली जाते आणि एके दिवशी डीपीच बसते. ऑटोस्विच काढा म्हणून महावितरण वारंवार सांगते. आपण ऐकत नाही, कारण रात्री विहिरीवर जायचे असते ते आपल्याला, सांगणाऱ्याला नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की ऑटोस्विच काढायचा तर शेतकऱ्याच्या हातात दुसरे काही दिले पाहिजे. मोबाईलवर चालणारे स्टार्टर आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'मुळे ती वाट पुष्कळांना माहीत झाली. पण त्याला सिमकार्ड लागते, रिचार्ज लागतो, आणि ओढ्याकाठी रेंज नसली की सगळं ठप्प. विहीर घरापासून चार-पाचशे मीटरवर असेल तर मध्ये कंपनीचा टॉवर हवाच कशाला?

घरी एक डबी, विहिरीवर एक डबी. दोन्हींत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढ्या चिपमधला हिशेबनीस, आणि त्याला जोडलेला छोटा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीपर्यंत परवानामुक्त आहे. त्यावर चालणारे लोरा मॉड्यूल घ्यावे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवरचे स्वस्त पडते आणि मोकळ्या रानात चालतेही. पण ऊस डोक्यावर गेला की पाण्याने भरलेली ती पाने लहरी पिऊन टाकतात. उन्हाळ्यात बोलणारा स्विच दिवाळीला मुका होतो. एरियल म्हणून साडेआठ सेंटीमीटरची तार पुरते, मात्र ती बांबूवर उसाच्या शेंड्याच्या वर हवी. दोन्ही बाजूंचे सुटे भाग आमच्या अंदाजाने दोन-तीन हजारांत बसतात.

इथवर आयटीआयचा कुठलाही हुशार मुलगा करून दाखवील. गोची पुढे आहे. बाजारातले निळे रिले २५० व्होल्टचे असतात, आणि आपल्या थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची. तो रिले थेट जोडला तर आज ना उद्या आत चिकटून बसणार. मध्ये योग्य व्होल्टेजचा कॉन्टॅक्टर घालावाच लागतो. दुसरे असे की चिप नव्याने सुरू होताना तिचे काही पाय क्षणभर उलटे वागतात. रिले टक् करतो आणि कुणी न सांगता मोटार उठते. म्हणजे पुन्हा ऑटोस्विचच झाला की!

आणि सर्वांत मोठी उणीव ही, की असले स्वस्त स्विच फक्त हुकूम सोडतात, उत्तर घेत नाहीत. घरी बटण दाबले, दिवा लागला, आपण पांघरूण ओढले. तिकडे एक फेज गेलेला, नाहीतर फूटव्हॉल्व्ह सुटून मोटार कोरडी फिरतेय. हे कळायचे कसे? मोटारीच्या एका वायरीभोवती छोटा सीटी बसवला तर करंट मोजता येतो. करंट असेल तरच घरचा दिवा लागावा; नेहमीपेक्षा फार कमी असेल तर कोरडी समजून मोटार बंद व्हावी. शिवाय हुकमाबरोबर वेळ जावी, 'तीन तास चालव' अशी, म्हणजे रेडिओ मुका झाला तरी मोटार आपली आपण थांबेल. वीज गेली-आली तर डबीने घरी वर्दी द्यावी आणि गप्प बसावे, मोटार लावू नये. वर्दी देण्यापुरती लहान बॅटरी विहिरीवर ठेवावी लागेल. प्रत्येक जोडीचा क्रमांकही वेगळा हवा. शेजाऱ्याच्या बटणाने आपली मोटार चालू झाली तर भाऊबंदकीत आणखी एक भर!

एका गोष्टीवर मात्र कुठलीही चिप पुरी पडत नाही. मुलगा विहिरीत फूटव्हॉल्व्ह काढायला उतरलाय, आणि घरी सुनबाईने रोजच्यासारखे बटण दाबले. म्हणून स्टार्टरच्या आधी मेन स्विच हवा, त्याला कुलूप हवे आणि उतरणाऱ्याच्या खिशात किल्ली हवी. ज्या विहिरीवर ही सोय नाही तिथे वायरलेस स्विच बसवूच नये, मग सभासद कितीही जवळचा असो.

आमची सूचना अशी, की कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागाने प्रत्येक गटात दहा विहिरींवर हे स्विच बसवावेत, एक पावसाळा आणि एक उभा ऊस पाहू द्यावा, आणि मगच ऊस बिलातून कपातीची भाषा करावी. कपातीचे नाव काढले की सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतात; आमच्याही पडतात. चाचणीचा खर्च कारखान्याने सोसावा.

ज्यांना चाचणीत यायचे असेल त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. सोबत विहीर ते घर अंतर, मध्ये ऊस आहे का, मोटार किती अश्वशक्तीची आणि कॉइल किती व्होल्टची, एवढे लिहून आणावे. कॉइलचा आकडा कॉइलवरच छापलेला असतो. तो वाचण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.