'वर्क' करतं तरी कोण?

इंग्रजीतलं 'वर्क' हे क्रियापद पहिलीतल्या पोरालाही येतं. अर्थ सोपा, काम करणे. पण वापर बघा किती तऱ्हेचा! फोन वर्क करतो म्हणजे चालतो. गोळी वर्क करते म्हणजे लागू पडते. युक्ती वर्क झाली म्हणजे जमली. आणि हळदीकुंकवाला नवी ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही वर्किंग का हो?" आपण चटकन म्हणतो, "नाही बाई, घरीच असते."

म्हणजे मिक्सर वर्क करतो, तो चालवणारी मात्र नाही!

सरकारदरबारीही हाच घोळ. २०११च्या जनगणनेत दूध काढणं, अगदी घरापुरतं असलं तरी, 'काम' धरलं होतं. पण तेच दूध तापवून लेकरांना देणारी, धुणी-भांडी उरकणारी, सासूबाईंचं पथ्यपाणी सांभाळणारी बाई तेवढ्यावर 'काम न करणारी'च. २००१च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीला बसवलं, यावर सुप्रीम कोर्टाने २०१० साली अपघात भरपाईच्या एका निकालात नाराजी व्यक्त केली होती.

सरकारच्याच २०२४च्या पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास, तेही बिनपगारी आणि बिनसुट्टीचे.

कुणी म्हणेल, आपल्याच माणसांसाठी केलेल्याचा हिशोब कसला मांडायचा? माया मोजू नयेच. पण कष्ट मोजायला काय हरकत आहे? गृहिणी अपघातात गेली तर तिच्या कामाची किंमत धरूनच भरपाई द्यावी लागते, हे कोर्टाने २०२१ मध्येही बजावलं. मग ती हयात असताना घरातल्यांनी ती का धरू नये?

आपल्या मराठीत 'राबणे', 'खपणे' असे चपखल शब्द आहेत. आज्या-पणज्या 'दिवसभर राबले' असं ठणकावून सांगायच्या. आपणच का 'घरीच असते' म्हणून विषय मिटवतो?

बचत गटाच्या कामात फॉर्म भरताना मी नेहमी बघते, 'व्यवसाय' या रकान्यात बाया सरळ रेघ मारतात. त्यातली एखादी पहाटे गोठा आवरून, दुपारी शेतात खुरपून आलेली असते. कुणी ब्लाऊज शिवते, कुणी पापड लाटून विकते. ही तर जनगणनेच्या हिशोबातही कामंच!

तेव्हा मैत्रिणींनो, २०२७च्या जनगणनेचे कर्मचारी विचारतील तेव्हा घरातल्या पुरुषाला परस्पर "ती काही करत नाही" असं सांगू देऊ नका. पुढे व्हा आणि गोठा, शेत, शिलाई, पापड सगळं नोंदवायला सांगा. आणि हळदीकुंकवाला कुणी विचारलंच तर बिनधास्त म्हणा, "हो, करते ना काम. सकाळी पाचपासून!"