अ‍ॅव्हरेज किती देते?

वाहन कोणतेही असो, ते दारात येऊन उभे राहिले की आपला माणूस एकच प्रश्न विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ उद्या पुष्पक विमान सारसबागेपाशी उतरले, तर आपले लोक प्रभू रामचंद्रांना नमस्कार नंतर करतील, आधी अ‍ॅव्हरेज विचारतील. हाच प्रश्न आता इलेक्ट्रिक सायकलीच्या दुकानात ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?’ असा वेष पालटून येतो. माझा राग या प्रश्नावर आहे. मध्यमवर्गीयाला परवडेल अशा, तीस-पस्तीस हजारांपासून पन्नासच्या आतल्या इलेक्ट्रिक सायकलीचे जे काही वाटोळे झाले आहे, ते या प्रश्नाने केले आहे. गिऱ्हाईक आकडा मागते म्हणून दुकानदार आकडा विकतो. सायकल राहते बाजूला.

माझी या विषयातली पात्रता सांगून टाकतो. मी पुण्यात एका बँकेत काउंटरवर बसतो. शिक्षण बी.कॉम., वय ४६, गुडघे त्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. घर ते शाखा जाऊन-येऊन १८ किलोमीटर, वाटेत दोन चढ आणि अगणित रिक्षा. रविवारी मात्र खडकवासल्याच्या पुढे पानशेतकडे जायचे, आणि जिथे डांबर संपते तिथून खरा रविवार सुरू करायचा. ज्याला आपले आजोबा पाणंद म्हणत, गाडीवाट म्हणत, त्याला हल्ली ‘ट्रेल’ म्हणतात. वाट तीच, चिखलही तोच, पण ट्रेल म्हटले की सायकलीची किंमत आपोआप चढते. सहा दिवस शहर, एक दिवस पाणंद, आणि खिसा कारकुनाचा: माझ्यासारख्या हजारो लोकांची गरज एवढीच आहे. आणि नेमकी हीच गरज सोडून बाकी सगळे दुकानात मिळते.

आधी तो आकडा बघू. जाहिरातीत छापलेले असते ‘७० किलोमीटर’. बँकेत कुणी ‘दामदुप्पट’ म्हणाला, तर आपण विचारतो की नाही, किती वर्षांत? मग इथेच का भोळे होता? सायकलीची बॅटरी पालथी करा. पोटावर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार करा. ३६ गुणिले ७.८ म्हणजे २८० वॉट-तास. ही तुमची ठेव. आता खर्च. पाय न हलवता, उजव्या हाताचा थ्रॉटल पिळून महाराजांसारखे बसून गेलात, तर किलोमीटरला १० वॉट-तास सहज जातात. सिग्नलला थांबत, पुन्हा उचलत गेलात तर थोडे जास्तच. म्हणजे झाले २५-२८ किलोमीटर. पायडल मनापासून मारलेत तर खर्च निम्म्यावर येतो आणि ५० होतात. ७० होण्यासाठी सडपातळ मुलगा, सपाट रस्ता, पाठीमागून वारा आणि मदतीची सर्वांत खालची पायरी एवढी सामग्री लागते. या चौघांची गाठ पुण्यात एकाच दिवशी पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चढ आला की हिशेब आणखी उघडा पडतो. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर आणि पुणे साधारण ५६० मीटर. मी, सायकल, पाणी आणि सौभाग्यवतींनी ‘वाटेत लागेल’ म्हणून दिलेला डबा, सगळे मिळून १०० किलोचे ओझे धरा. ते ७०० मीटर वर न्यायला १९० वॉट-तास लागतात. हे निव्वळ मुद्दल झाले. मोटारीने वाटेत उष्णता म्हणून जाळलेले व्याज वेगळे, आणि स्वारगेटपासून पायथ्यापर्यंतचे २५ किलोमीटर वेगळे. तात्पर्य, नुसता थ्रॉटल पिळत निघालेल्या इसमाची साथ २८० ची बॅटरी डोणज्याच्या आसपास सोडते. समोर गड, मागे पुणे, आणि खाली २५ किलोची सायकल.

इथेच खरी मेख आहे. त्या क्षणी सायकलीला गिअर आहेत की नाहीत, यावर माणसाची अब्रू अवलंबून असते. या किमतीतल्या कितीतरी इलेक्ट्रिक सायकली बिनगिअरच्या येतात. दुकानदाराचे म्हणणे, ‘साहेब, मोटार आहे ना, गिअर कशाला?’ हे म्हणजे ‘पगार आहे ना, शिल्लक कशाला?’ असे झाले. मोटार असते तोवर सगळेच शूर. ती झोपली की बिनगिअरची सायकल चढावर ढकलणे आणि बिघडलेला गोदरेजचा कपाट जिन्यातून वर नेणे, यांत फरक एवढाच की कपाट उचलायला चार माणसे येतात.

शिवाय एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. या किमतीत मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली असते. ती चाकाला थेट फिरवते, गिअरचा तिला काही उपयोग नाही. चढावर चाक मंद फिरू लागले की ती वीज खाते, तापते आणि काम कमी करते. मोटार पायडलपाशी बसवलेली असेल तर ती साखळीतून ओढते आणि गिअरचा फायदा तिलाही मिळतो. पण त्या सायकलींच्या किमती लाखापलीकडे, तिथे आपण काचेतून बघून पुढे जायचे. म्हणून आपल्या ऐपतीतल्या सायकलीवर चढाची निम्मी जबाबदारी पायांनीच घ्यायला हवी, आणि पायांना गिअर हवेत. मागे सात असले तरी भागते. सात गिअरांनी सायकलीचा ‘अ‍ॅव्हरेज’ खरोखर वाढतो, पण ते जाहिरातीत छापता येत नाही ना!

मग पैसा जातो कुठे? जाडीत. चार इंच रुंदीचे टायर लावलेली, रेड्याच्या बांध्याची एक सायकल हल्ली प्रत्येक दुकानाच्या काचेत पुढे उभी असते. हे टायर वाळूसाठी आणि बर्फासाठी आहेत. पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात असतो. आपल्या मुरुमाला, गाडीवाटेला सव्वादोन इंचाचा टायर पुरून उरतो. जाड टायर डांबरावर घुंघुं आवाज करतात, बॅटरी खातात, आणि पंक्चर झाले तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ट्यूब बघून आधी हसतो आणि मग ‘नाही बसणार’ म्हणतो. दुसरी चैन पुढच्या स्प्रिंगच्या फोर्कची. स्वस्त फोर्क खड्डा गिळत नाही, खड्ड्याची बातमी हळूहळू सांगतो. वर किलो-दीड किलो वजन तो फुकट देतो. तिसरी चैन हँडलवरच्या रंगीत पडद्याची. तो वेग दाखवतो. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता वेग बघण्यासाठी पडदा कशाला हवा? शेजारून पायी जाणारा माणूस पुढे गेला की कळते.

हे पैसे ब्रेकात घाला, असे मी म्हणतो तेव्हा लोकांना ते अशुभ वाटते. पण गड चढलात तर उतरायचेही असते, आणि उतारावर १०० किलो वजन थांबवायचे काम ना बॅटरी करते ना पडदा. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेत. आणि ब्रेकची कळ दाबताच मोटारीची वीज तोडणारा कट-ऑफ आहे ना, हे दुकानातच मागचे चाक उचलून बघावे. तो नसेल तर तुम्ही थांबवता आणि मोटार ढकलते. असा कारभार मी शाखेत रोज बघतो, रस्त्यावर नको.

आता ‘तीन रुपयांत चार्ज’ ही दुसरी थाप. थाप म्हणजे खोटे नव्हे, अर्धे खरे. २८० वॉट-तास म्हणजे पाव युनिटाहून थोडे अधिक, वीज खरोखर तीनेक रुपयांचीच. पण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आम्हाला घसारा नावाचा धडा होता. लिथियमची बॅटरी पाचशे ते आठशे वेळा पुरी भरली-रिकामी केली की थकू लागते. नवी १२,००० ला पडेल आणि ६०० चार्जिंग टिकेल असे धरले, तर दर चार्जिंगमागे २० रुपये घसारा. म्हणजे तीन नव्हे, तेवीस. २५ किलोमीटरला तेवीस रुपये म्हणजे किलोमीटरला रुपयाच्या आत. शंभरी ओलांडून बसलेल्या पेट्रोलवरच्या स्कूटरपेक्षा हे निम्म्याहून कमी आहे. खरा हिशेबही फायद्याचाच असताना ही मंडळी खोटा का छापतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

सरकारी हिशेब याहून गमतीचा. २०१९ च्या ऑगस्टपासून विजेच्या वाहनांवर, म्हणजे विजेच्या सायकलीवरही, जीएसटी ५ टक्के. आणि निव्वळ घामावर चालणाऱ्या सायकलीवर तो १२ टक्के! सप्टेंबर २०२५ मध्ये साधी सायकलही ५ वर आली, तोपर्यंत घाम हा चैनीत मोडत होता.

एका दुकानात तर मला गुपित सांगितल्यासारखे कानाशी येऊन सांगण्यात आले, ‘साहेब, ही वायर काढली की पस्तीसने पळते.’ मोटार २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत, म्हणून कायदा या सायकलीला मोटार वाहन समजत नाही. लायसन नको, नंबरप्लेट नको, ती एवढ्यासाठी. वायर काढली की ती बिननंबराची, बिनविम्याची मोटारसायकल झाली. उद्या कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून, दुकानदाराने फक्त वायर ओढायची. मी वायर जागेवर ठेवायला सांगितली, तेव्हा त्याने माझ्याकडे पेन्शनरकडे बघावे तसे बघितले.

विरोधकांचे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, ‘एवढ्या पैशांत जुनी स्कूटर आली असती की!’ आली असती. तिच्यामागून पीयूसी, विमा आणि गुडघ्यांचा डॉक्टरही आला असता. दुसरा पंथ तंग कपड्यांतल्या सायकलपटूंचा. त्यांच्या मते मोटार म्हणजे कॉपी करून पास होणे. त्यांच्या फुप्फुसांना माझा दंडवत. पण त्यांच्या पंथात राहून माझी सायकल चार वर्षे बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांची सोय करत होती. चढ सोपा झाला म्हणून मी रोज निघतो. चढ अवघड ठेवून घरी बसणाऱ्याला कोणते पदक मिळते?

बॅटरी मात्र काढून घरात नेता येईल अशीच घ्यावी. आमच्या सोसायटीत खाली पार्किंगमध्ये प्लग नाही. तो मागितला तेव्हा सेक्रेटरींनी विषय वार्षिक सभेवर टाकला, आणि सभेत तो पाण्याच्या टाकीच्या खाली गेला. अडीच-तीन किलोची बॅटरी तिसऱ्या मजल्यावर नेणे जमते, पंचवीस किलोची सायकल नव्हे. गडावरून तापून आलेली बॅटरी लगेच लावू नये, रात्री लावून झोपू नये, आणि चार्जर तिचाच वापरावा.

पाऊस राहिला. पुठ्ठ्याच्या खोक्यावर आयपीएक्स-४ असे लिहिलेले असते. त्यातला ४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आणि एक्स म्हणजे धुळीची परीक्षा झालेलीच नाही. पुण्यात आठ महिने धूळ आणि चार महिने शिंतोडे, म्हणजे पेपर निम्माच सोडवलेला. रिमझिमीत चालवा, ओढ्यात घालू नका आणि गाडी धुणाऱ्याच्या फवाऱ्याखाली तर मुळीच नको.

आणि ट्रेलच्या नावाखाली या सायकलींचे मडगार्ड आणि कॅरिअर कुणी काढून घेतले, याचा एकदा तपास व्हायला हवा. जाहिरातीतला तो पोरगा डबा नेत नाही, कबूल. आम्ही नेतो. आणि जुलैत बिनमडगार्डची सायकल चालवून कामावर पोचणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर, पाठीच्या कण्यावरून थेट कॉलरपर्यंत, जी चिखलाची उभी रेघ उमटते, ती सायकलीच्या किमतीत धरलेली नसते. मडगार्ड आणि कॅरिअर दुकानदाराकडून बिलातच लिहून घ्या. तो म्हणेल, ‘साहेब, लुक जातो.’ त्याला म्हणावे, जाऊ दे.